आईचा विसराळूपणा : म्हातारपण की आजार?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की घरातले वयस्कर माणूस विसरू लागले तरी त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ‘आता वय झालं’, ‘म्हातारचळ लागलाय’, ‘मुद्दाम करते’ असे काहीतरी म्हणून विषय मिटवला जातो. आईचा खोकला चार दिवस टिकला तर तिला दवाखान्यात घेऊन येणारा मुलगा, ती गेली दोन वर्षे एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारते आहे, हे मात्र डॉक्टरांना सांगत नाही. विचारलेच तर हसून सांगतो.

रक्तदाब, मधुमेह, संधिवात या नेहमीच्या आजारांत आणि या आजारात एक मोठा फरक आहे. गुडघा दुखला की रोगी आपणहून सांगतो. स्मृती जाऊ लागली की आपण विसरतो आहोत हेच रोग्याच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे हा रोगी बहुधा स्वतःहून दवाखान्यात येत नाही, त्याला कोणीतरी आणावे लागते. आणणारे कोणी नसेल, किंवा असूनही त्याने मनावर घेतले नाही, तर आजार घरातल्या घरात वाढत राहतो. म्हणून आजचा लेख रोग्यांसाठी कमी आणि त्यांच्या मुलामुलींसाठी जास्त आहे. आजार वडिलांनाही होतो. पण माझ्याकडे येणाऱ्यांत एकट्या राहणाऱ्या, विधवा आयाच अधिक असतात, म्हणून मी ‘आई’ हा शब्द वापरत आहे.

साधे विसरणे कोणते?

वयाबरोबर स्मरणशक्ती थोडी मंदावते, हे खरे आहे. एखाद्याचे नाव पटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते शोधावे लागते, स्वयंपाकघरात कशाला आलो ते क्षणभर सुचत नाही. पण थोड्या वेळाने आठवते, कोणी खूण सांगितली की लक्षात येते आणि रोजचे व्यवहार अडत नाहीत. याची काळजी करण्याचे कारण नाही.

आजारातले विसरणे वेगळे असते. सकाळी जावई येऊन गेला, त्याला स्वतः चहा करून दिला, आणि दुपारी ‘कोण आलं होतं? कोणीच नाही’ असे आई म्हणते. खूण सांगूनही आठवत नाही, कारण ती घटना मेंदूत साठवलीच गेलेली नसते. चाळीस वर्षे पुरणपोळी करणाऱ्या बाईला डाळ शिजल्यावर पुढे काय करायचे ते सुचत नाही. भाजीत दोनदा मीठ पडते किंवा पडतच नाही. दुधाचा हिशेब, पेन्शनचे पैसे यांत घोटाळे होऊ लागतात. एकादशी, चतुर्थी तोंडपाठ असणारी आई आज वार कोणता हे तीनदा विचारते. ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकते. पाटल्या स्वतःच तांदळाच्या डब्यात ठेवते आणि कामवालीने चोरल्या म्हणते. बोलताना साधा शब्द सापडत नाही, मग ‘ते हे’ म्हणून वेळ मारून नेते. पूर्वी नीटनेटकी राहणारी बाई चार दिवस एकच लुगडे नेसून बसते.

अशी दोन-तीन लक्षणे सहा महिन्यांपासून असतील, हळूहळू वाढत असतील आणि त्यामुळे रोजचे काम अडत असेल, तर ते म्हातारपण नव्हे. तो स्मृतिभ्रंश असू शकतो. आम्ही डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतो.

मेंदूत काय होते?

डिमेन्शिया हे एका आजाराचे नाव नाही. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसा स्मृतिभ्रंशही अनेक कारणांनी होतो. त्यातले सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याची पहिली हकीकत मांडली. त्यांची रोगी स्त्री १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा तिचे वय अवघे ५१ होते. म्हणजे या आजाराचे पहिले उदाहरणच मुळी म्हातारीचे नव्हते. त्या बाईच्या मृत्यूनंतर तिचा मेंदू तपासला तेव्हा तो आक्रसलेला होता, आणि त्यात एरवी न दिसणारे थर आणि धाग्यांचे गुंते आढळले.

या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग आधी खराब होतो. जुना साठा बराच काळ शाबूत राहतो. म्हणून आई माहेरची विहीर, शाळेतल्या बाई, लग्नातला गोंधळ बारकाईने सांगते, पण सकाळी काय जेवली ते सांगू शकत नाही. घरच्यांना यातूनच संशय येतो. ‘पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं, मग आत्ताचं कसं विसरते? सोंग करते.’ हे सोंग नव्हे. आजाराची चालच अशी आहे.

दुसरे मोठे कारण म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पडणे. रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षे काबूत नसले की मेंदूतले छोटे छोटे भाग रक्ताअभावी मरतात. अशा वेळी बिघाड पायऱ्यापायऱ्यांनी होतो. काही महिने ठीक, मग एकदम एक पायरी खाली. पुष्कळ रोग्यांत ही दोन्ही कारणे एकत्र असतात.

आपल्या देशात साठीच्या पुढील लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा जास्त आणि खेड्यांत शहरांपेक्षा जास्त आढळले. तेव्हा हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे असे कोणी समजू नये.

आधी बरी होणारी कारणे शोधा

‘यावर औषध नाही, मग दाखवून काय उपयोग?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उपयोग असा की विसरण्याची काही कारणे पूर्णपणे किंवा बरीचशी बरी होणारी असतात, आणि तपासल्याशिवाय ती कळत नाहीत.

ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यातले एक. शाकाहारी माणसांत, मधुमेहासाठी मेटफॉर्मिनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि आम्लपित्ताची गोळी रोज घेणाऱ्यांत ती पुष्कळ आढळते. ती इंजेक्शनने किंवा गोळ्यांनी भरून काढता येते. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले तरी माणूस सुस्त आणि विसराळू होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी रक्तातले सोडियम कमी होते आणि आई भ्रमिष्टासारखे वागू लागते. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या आणि कंपवातावरची काही औषधे यांनीही म्हातारपणी बुद्धीवर झापड येते. गावाकडे एकाच्या सल्ल्याने दुसऱ्याने झोपेची गोळी सुरू करण्याची पद्धत आहे. ती घातक आहे.

नवरा गेल्यावर आई गप्प झाली, जेवेना, काही लक्षात राहीना, तर ते उदासीनतेमुळेही असते. उदासीनतेवर चांगले उपचार आहेत. कानाला कमी ऐकू येत असेल तर जे ऐकलेच नाही ते लक्षात कसे राहणार?

डोक्याच्या माराबद्दल तर वेगळे सांगायला हवे. न्हाणीघरात घसरून किंवा उंबऱ्याला अडखळून डोक्याला थोडा मार लागतो, रक्त येत नाही, सगळे विसरून जातात. म्हाताऱ्या माणसात कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत राहते आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखे करू लागते, झोपाळू होते, चालताना तोल जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक. सीटी स्कॅनने निदान होते आणि शस्त्रक्रियेने बहुतेकदा सुधारणा होते. अशा एका आजींना ‘वेड लागलं’ म्हणून दीड महिना मागच्या खोलीत ठेवले होते. शस्त्रक्रियेनंतर त्या स्वतःच्या पायांनी माझ्या दवाखान्यात आल्या.

आणखी एक खूण ध्यानात ठेवा. काल-परवापर्यंत ठीक असलेली आई एक-दोन दिवसांत एकदम भलतेच बरळू लागली, कधी शुद्धीवर तर कधी गुंगीत, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. लघवीतील जंतुदोष, न्यूमोनिया, शरीरातले पाणी कमी होणे, साखर फार खाली जाणे किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी असते. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

फोनवरची आई

आता थोडे अवघड विषयाकडे वळतो. पुढील हकीकती माझ्या व्यवसायातल्या आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना त्यांची शेजारीण माझ्याकडे घेऊन आली. मुलगा पुण्यात नोकरीला. दरमहा पैसे पाठवी, रोज संध्याकाळी फोन करी. बाईंचे वजन वर्षभरापूर्वी माझ्याच कागदावर ५२ किलो लिहिलेले होते, ते ४१ भरले. रक्तदाब वर २०० च्या पुढे. शेजारणीने त्यांच्या घरातली औषधांची पिशवी आणली होती. तीत रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे जशीच्या तशी होती. मी मुलाला फोन केला तेव्हा तो चकित झाला. ‘डॉक्टर, मी रोज विचारतो. जेवलीस का? हो. गोळी घेतलीस का? हो. बरी आहेस ना? हो. ती कधी काही म्हणालीच नाही.’

तो मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या प्रश्नांना ‘हो’ म्हणायला स्मृती लागत नाही. या आजारात बोलण्याची जुनी रीत, आदबीची वाक्ये, ‘सूनबाई कशी आहे, पोरं काय म्हणतात’ हे सारे बरेच दिवस टिकते. पाच मिनिटांच्या फोनवर आई अगदी पूर्वीसारखी वाटते. फोन ठेवल्यावर कोणाशी बोललो हे ती विसरलेली असते. दिवाळीला दोन दिवस आलेल्या मुलालाही फारसे दिसत नाही, कारण घर भरलेले असते आणि स्वयंपाक सून करत असते.

त्या बाईंचे ब-१२ कमी निघाले, ते भरून काढले. गोळ्या देण्याचे काम शेजारणीने पत्करले, डबा सुरू झाला. चार महिन्यांत वजन सहा किलोंनी वाढले. स्मृती पूर्ण परत आली नाही, कारण मूळचा स्मृतिभ्रंश होताच. पण त्या उपाशी राहत होत्या, ते थांबले. मुलगा आता महिन्यातून एकदा येतो आणि आल्यावर आधी डबे आणि गोळ्यांची पाकिटे बघतो. मुलगा पैसे पाठवतो म्हणजे लक्ष देतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. या आजारात पैशाचे अन्न करून ते ताटात वाढणारे माणूस लागते.

दुसरी हकीकत वेगळी आहे. एक गृहस्थ आईला घेऊन आले. मागची तीन वर्षे आई विसरते म्हणून कधी आणले नव्हते. त्या दिवशी आणले ते ‘आई मानसिकदृष्ट्या सक्षम आहे’ असा दाखला घ्यायला. जमिनीचे बक्षीसपत्र करायचे होते. मी आईंना विचारले, हे कोण? त्यांनी मुलाला आपल्या भावाच्या नावाने ओळखले. जमीन किती, मुले किती, कागद कसला, यातले काहीच त्यांना सांगता आले नाही. मी दाखला दिला नाही. त्या गृहस्थांना राग आला. मी आईंच्या तपासण्या लिहून दिल्या. त्या झाल्या नाहीत.

वाचकांना एवढेच सांगतो की कागदाचा अर्थ न समजणाऱ्या माणसाचा अंगठा घेऊन केलेला करार टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्यात करार करणाऱ्याचे मन शाबूत असणे आवश्यक मानले आहे. आईला स्वतःच्या मालमत्तेबद्दल काही ठरवायचे असेल तर ते आजाराच्या सुरुवातीलाच, ती समजून बोलू शकते तेव्हा, सर्व भावंडांसमोर आणि वकिलाच्या सल्ल्याने करावे.

‘सून जेवायला देत नाही’

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजारी आई जेवल्यावर अर्ध्या तासात दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, ‘मला सकाळपासून अन्न नाही.’ ती खोटे बोलत नाही. जेवल्याचे तिला आठवत नाही. पण गल्लीत सुनेचे नाव खराब होते. बाहेरगावच्या नणंदा येऊन भांडतात. रात्रंदिवस करणारी हीच सून, आणि बोल लागतो तिलाच.

उलट काही घरांत खरोखर आबाळ होत असते आणि आईने तोंड उघडले तर ‘तिला काही कळत नाही, काहीही बोलते’ म्हणून तिचे खरे म्हणणे उडवले जाते. मग खरे-खोटे कसे ओळखायचे? आईच्या बोलण्यावरून नव्हे, तिच्या अंगावरून. वजन घटले आहे का? ओठ-जीभ कोरडी आहे का? नखे वाढली आहेत का? कपड्यांना, अंथरुणाला लघवीचा वास आहे का? कंबरेवर, टाचांवर जखमा आहेत का? दंडावर बोटांचे वळ आहेत का? चष्मा फुटून किती महिने झाले? नेहमीच्या गोळ्या दिल्या जातात का? बाहेरून कडी घालून तिला तासन्‌तास एकटे ठेवतात का? ज्या आईचे वजन टिकून आहे, अंग स्वच्छ आहे आणि गोळ्या वेळेवर चालू आहेत, ती ‘उपाशी आहे’ म्हणाली तर तिला लाडूचा तुकडा द्या आणि सुनेला दोन चांगले शब्द द्या.

पाळी लावू नका

आपल्याकडे आईची वाटणी होते. दोन महिने थोरल्याकडे, दोन धाकट्याकडे, मग लेकीकडे. भावांना ही व्यवस्था न्यायाची वाटते. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नव्या जागेचा नकाशा डोक्यात बसवता येत नाही. संडास कुठे, दिव्याचे बटण कुठे, हे तिला सवयीने माहीत असते, आठवणीने नव्हे. दर दोन महिन्यांनी घर बदलले की ती रात्री उठून भिंत चाचपते, पडते, मांडीचे हाड मोडते. नव्या घरी गेल्यावर लघवी कपड्यांत होऊ लागली, असे अनेकदा दिसते. जागा सापडत नाही, हे त्याचे कारण असते.

म्हणून आई एकाच घरी राहावी आणि मुलांनी पाळीने तिच्याकडे जावे. ज्याच्याकडे ती नाही त्याने दरमहा ठरलेली रक्कम द्यावी आणि वर्षातून दोनदा आठ-दहा दिवस येऊन राहावे, म्हणजे सांभाळणाऱ्या सुनेला किंवा बहिणीला माहेरी जाता येईल, स्वतःचा औषधोपचार करता येईल. सांभाळणारे माणूस वर्षानुवर्षे नीट झोपत नाही. त्याची पाठ धरते, रक्तदाब वाढतो, चिडचिड होते. आईवर हात उगारण्याची वेळ येते ती बहुधा अशा थकलेल्या घरात. ती टाळायची तर भार वाटून घ्या.

घरी काय करावे?

दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा. उठणे, अंघोळ, जेवण, फिरणे रोज त्याच वेळी. समोर मोठे घड्याळ आणि तारखांचे कॅलेंडर लावा. संडासाच्या दारावर ठळक खूण करा, रात्री तिथला दिवा चालू ठेवा, न्हाणीघराची आतली कडी काढा. गॅसचा रेग्युलेटर काम झाल्यावर बंद करा. गोळ्या तिच्या हातात देऊ नका, समोर उभे राहून घ्यायला लावा. नाव आणि फोन नंबर लिहिलेली पट्टी कपड्याला आतून शिवून टाका, कारण ही माणसे घराबाहेर पडून हरवतात.

‘आठवतंय का? मी कोण, सांग बरं?’ अशी परीक्षा घेऊ नका. ‘आई, मी सुमन, तुझी लेक’ असे म्हणूनच समोर या. चूक दाखवून वाद घालू नका. संध्याकाळी ती ‘मला घरी जायचंय’ म्हणाली तर ‘हेच तुझं घर’ असे ओरडून पटत नाही. ‘चल, जाऊ’ म्हणून अंगणात किंवा कोपऱ्यापर्यंत फिरवून आणा. बहुतेक वेळा तेवढ्याने शांत होते. तीच तीच गोष्ट पुन्हा विचारली तर पुन्हा सांगा. तुमच्यासाठी ती दहावी वेळ असते, तिच्यासाठी पहिली.

हाताला काम द्या. वाती वळणे, शेंगा सोलणे, लसूण निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे. नीट झाले नाही तरी चालेल. तिच्या तरुणपणाची गाणी, ओव्या, आरत्या लावा. बोलणे विसरलेल्या बाया आरती म्हणतात, हे मी पाहिले आहे.

औषधांविषयी थोडक्यात. डोनेपेझिल, मेमँटिन यांसारख्या गोळ्या काही रोग्यांत बिघाडाचा वेग काही काळ मंद वाटावा इतपत मदत करतात. गेलेली स्मृती परत आणत नाहीत. ती तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. ‘आजीला शांत करायची गोळी द्या’ असा आग्रह धरू नका. अशा काही औषधांनी या रोग्यांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती अगदीच नाइलाज असेल तेव्हा, कमी मात्रेत आणि थोडे दिवस देतात. ‘बुद्धिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. तेवढ्यात चष्मा आणि कानाचे यंत्र होईल.

मदत कोठे मिळेल?

प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. बरोबर येणाऱ्याने लक्षणे केव्हापासून, कशी वाढली, हे कागदावर लिहून आणावे आणि घरातल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात. हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, थायरॉइड, ब-१२, मूत्रपिंडाची तपासणी आणि गरज असेल तर मेंदूचा स्कॅन एवढ्यावर बरेच काही कळते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क सल्ला मिळतो. वृद्धांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. एखाद्या वृद्धेची आबाळ होते आहे असे शेजाऱ्यांना दिसले तर त्यांनीही या क्रमांकावर कळवावे.

मुले सांभाळत नसतील तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ उपयोगी पडतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात करता येतो. दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा आदेश होऊ शकतो. आई स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसेल तर तिच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. ज्येष्ठ माणसाला पूर्णपणे टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. हे सारे खरे असले तरी कायदा आईला घास भरवू शकत नाही. तिथवर पाळी येऊ नये.

स्वतःसाठी

आपल्यालाही हे होईल का, असा प्रश्न मुले विचारतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली सांगितले की टाळता येण्याजोगी १४ कारणे सांभाळली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबवता येईल. रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, विडी-सिगारेट, जास्त दारू, व्यायामाचा अभाव, डोक्याला मार, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, उदासीनता, हवेचे प्रदूषण, कमी शिक्षण आणि एकटेपणा अशी ती यादी आहे. चाळिशीपासून रक्तदाब तपासा, हेल्मेट घाला, रोज चाला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबवू नका. यादीत एकटेपणाही आहे, हे गावाकडे आई असलेल्या मुलांनी पुन्हा एकदा वाचावे.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा एवढे पाहा. आईला वजनकाट्यावर उभी करा आणि आकडा लिहून ठेवा. फ्रीज आणि डबे उघडून नासलेले काय आहे ते पाहा. गोळ्यांच्या पाकिटांत किती उरल्या ते मोजा. वीजबिल भरले आहे का, दूधवाल्याची बाकी किती, हे विचारा. शेजारणीला एकटीला गाठून आई दिवसभर काय करते ते विचारा. आईला तिच्या हातचा चहा करायला सांगा आणि जवळ बसून पाहा. कुठे अडते असे वाटले, तर परतीची गाडी एक दिवस पुढे ढकला आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.